थंडी पडू दे

अम्मा दार न वाजवता आत आल्या, चिमट्याने आमच्या तंदूरमधली दोन जळती लाकडं बाहेर ओढली, खालच्या पत्र्यावर आडवी ठेवली, झाकण लावलं आणि "बस, इतना बहुत है" म्हणून निघून गेल्या. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि मुलगी, स्वेटरवर जॅकेट आणि जॅकेटवर शाल अशा अवतारात तंदूरला चिकटून बसलो होतो, कोणालाच काही बोलायला सुचलं नाही. नवऱ्याने फक्त माझ्याकडे बघितलं. लाकडाचे पैसे भाड्यात धरलेले नव्हते, मोळीच्या हिशोबाने वेगळे होते, मालकीणबाईंनी आल्या आल्याच स्पष्ट सांगितलं होतं आणि आम्ही पहिल्या मोळ्यांचे देऊनही टाकले होते. म्हणजे ती लाकडं आमची होती ना? अम्मा या मालकीणबाईंच्या सासू, मागच्या अंगाला नवीन सिमेंटच्या घरात राहतात. वय सत्तरच्या पुढे नक्की, अंगावर चौकडीचा लोकरीचा पट्टू, डोक्याला रुमाल. त्यांच्याशी भांडणार कोण, आणि कुठल्या भाषेत. पण रात्री रजईत शिरल्यावरही माझ्या डोक्यात तेच, की बाई आपल्याला उधळ्या समजल्या की काय.

मनालीच्या वर, बियासच्या पलीकडे एक गाव, तिथलं हे जुनं काठकुणी घर. देवदारचे ओंडके आणि दगड यांचे एकावर एक आडवे थर, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही, वर स्लेटच्या जाड पाट्या. फोटोत बर्फ पडलेलं छप्पर आणि लाकडी सज्जा बघूनच मुलीने बुक केलेलं. खाली सोयींच्या यादीत वायफाय, पार्किंग आणि 'हीटिंग उपलब्ध'. हीटिंग म्हणजे मधल्या खोलीतला लोखंडी तंदूर, त्याचा पाइप छतातून वर गेलेला, आणि बेडरूममध्ये एक रॉडवाला हीटर जो गीझरबरोबर लावायचा नाही, कारण लावला की अख्ख्या घराची लाइट जाते. हे यादीत नव्हतं. तरी मी तक्रार करणार नाही, इतक्या जुन्या घरात वायफाय चालत होतं हेच खूप.

घर दिवाळीनंतर बंद होतं. बंद घरातली थंडी वेगळी असते हे मला तिथे गेल्यावर कळलं. बाहेरची थंडी हवेत असते, वारा पडला आणि ऊन आलं की सुसह्य होते, आम्ही दुपारी सज्जात बसून मोसंबी सोलून खाल्ली. आतली थंडी वस्तूंमध्ये मुरलेली असते. ताटल्या थंड, चमचे थंड, साबण दगडासारखा, गादीत हात घातला तर ओली आहे की थंड आहे तेच कळेना, खोबरेल तेलाची बाटली म्हणजे पांढरा ठोकळा. कमोडच्या सीटबद्दल मी काही लिहीत नाही. तंदूर पेटवल्यावर तासाभरात खोलीतली हवा तापली, आम्हाला वाटलं जिंकलो, पण भिंतीला पाठ टेकली की भिंत अंगातलं सगळं शोषून घ्यायची. तोंड भाजतंय आणि पाठ गारठलेली, मग पाठ फिरवायची, मग गुडघे. मालकीणबाई म्हणाल्या, पहिले काही दिवस तुम्ही दगड तापवताय, तुमच्या वाट्याला काही येणार नाही. आणि खरंच तसं होतं. दीड-दोन फुटांच्या त्या भिंती आधी स्वतःचं पोट भरून घेतात. शेवटी शेवटी रात्री तंदूर विझला तरी पहाटे खोलीत थोडी ऊब असायची, आणि तोपर्यंत आमची निघायची वेळ झाली होती. भाड्याच्या घरात हा हिशोब कधीच जमत नसणार. एकाने तापवायचं, पुढच्याने राहायचं.

तंदूर पेटवणं हे काम नवऱ्याने स्वतःकडे घेतलं, इंजिनियर माणूस, त्याला वाटलं यात काय. आधी राळेचं लाल लाकूड, बोटभर ढलपी, काडी लावली की मेणबत्तीसारखी पेटते आणि खोलीभर देवळातल्या उदाचा वास. मग सफरचंदाच्या छाटणीच्या काड्या, मग जाड लाकूड. बान म्हणजे तिथला ओक असेल तर उत्तम, तो सावकाश जळतो आणि निखारा धरतो. पाइन आणि देवदार भडकतात भराभर पण काजळी फार. पाइपमध्ये एक पत्र्याची झडप असते, ती पेटवताना पूर्ण उघडी आणि मग अर्धी, हे कळेपर्यंत आमचे डोळे चांगलेच झोंबले. अर्धी केली की आवाज बदलतो, आधीचा घोंघावणारा आवाज खाली येतो आणि पाइप तापून टकटक करायला लागतो. वर पाण्याची किटली कायम. चहाला, तोंड धुवायला, भांड्यांना, सगळं त्याच पाण्यावर. स्वयंपाकघरात गॅस होता पण सकाळी ज्योत अगदीच मरतुकडी, शून्याच्या आसपास सिलिंडरमधल्या ब्युटेनचा गॅस होणंच थांबतं, म्हणून मालकीणबाई सिलिंडर कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करून ठेवायच्या. नळ रात्री पूर्ण बंद करायचा नाही, करंगळीएवढी धार चालू ठेवायची, नाहीतर सकाळी पाइपात बर्फ. आम्हा पुण्याच्या माणसांना वाहता नळ बघून झोप लागेना ते वेगळंच.

नवऱ्याने खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या होत्या. मालकीणबाईंनी बघितलं, हसल्या, आणि एक घडी काढून हातात दिली. एवढी एक राहू दे म्हणाल्या. तंदूरला हवा कुठून मिळणार? दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात, पाइप असला म्हणून सगळंच बंद करायचं नसतं. तेव्हापासून त्या एका फटीतून येणारी थंड रेघ बरोब्बर नवऱ्याच्या मानेवर यायची आणि तो शहाण्यासारखा गप्प बसायचा.

फरशी मात्र शेवटपर्यंत गारच. देवदारच्या फळ्या, मध्ये बारीक भेगा, दोन-दोन मोजे घालूनही तळपाय बधिर. मी विचारलं तर कळलं की खालच्या मजल्यावर गाई असायच्या. काठकुणी घर तसंच बांधलेलं असतं, खाली गोठा, वर माणसं. गुरांची ऊब फळ्यांमधून वर येते, रात्रभर, फुकट. आता गाई विकल्या, कारण गवत कापायला कोणी नाही, मुलगा मनालीत टॅक्सी चालवतो आणि दूध पिशवीतून येतं. गोठ्यात आता एक स्कूटी, सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या आणि आमचीच लाकडं. म्हणजे बघा, आम्ही हेरिटेज म्हणून ज्या घरात राहत होतो त्याचं अर्धं हीटिंग काही वर्षांपूर्वीच विकलं गेलं होतं. आणि मालकांचं मागचं नवीन घर? स्लॅबचं, मोठ्या खिडक्यांचं, त्या स्वतःच म्हणाल्या की जुन्यापेक्षा जास्त गार. पण फरशा आहेत, संडास आत आहे, आणि सुनांना तेच हवंय. मला त्यांचं पटलं. मी तरी गोठ्यावर राहिले असते का कायमची?

थंडी मला नवीन नाही. माझं माहेर निफाडकडचं, आणि निफाडची थंडी काय असते ते टीव्हीवाले दर डिसेंबरात सांगतातच. पण आमच्याकडे थंडीचं कौतुक कधीच नव्हतं. पुण्यात लग्न होऊन आले तेव्हा लोक गुलाबी थंडी म्हणून हुरडा पार्ट्या करतात हे बघून मला गंमत वाटायची. आमच्या घरात थंडी वाढली की दादा, म्हणजे माझे वडील, बोलायचे बंद व्हायचे. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरलं की तिथून पुढचे दिवस वाईट, पारा घसरला की मणी तडकतात, नाहीतर गुलाबी पडतात आणि मग एक्सपोर्टवाला हात लावत नाही. रात्री दोन-तीनला दादा आणि काका उठून बागेच्या कडेने शेकोट्या पेटवायचे, छाटणीच्या काड्या, भुसा, वरून मुद्दाम ओला पाला, की धूर जमिनीलगत राहावा आणि बागेवर दुलई पसरावी. लाइट असली तर मोटर चालू करून पाणी द्यायचे, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. आम्ही पोरं झोपेतून उठून धावत जायचो शेकायला, तर दादा ओरडायचे, "मागं सरा, ही तुमच्यासाठी नाही पेटवली." खरंच, आमच्याकडे जाळ द्राक्षांसाठी होता. माणसांसाठी घोंगडी होती आणि सकाळी आजीचा तांब्याचा बंब. त्या बंबाच्या धुराचा वास मला तिथे मनालीत मागच्या अंगणात आला तेव्हा मी चमकले, तर तिथेही तसंच तांब्याचं पिंप, मध्ये नळी, खाली लाकडं. हमाम म्हणतात त्याला. वरून एक तांब्या गार पाणी घातलं की बाजूच्या तोटीतून तांब्याभर उकळतं बाहेर. गीझर ट्रिप झाल्यापासून आमच्या आंघोळी त्याच्यावरच चालल्या होत्या, आंघोळी म्हणजे ज्या काही झाल्या त्या.

मालकीणबाईंशी गप्पा त्या हमामपाशीच व्हायच्या, कारण तिथे उभं राहायला बरं वाटायचं. मी एकदा सहज म्हटलं, यंदा थंडी फार आहे ना? तर त्या म्हणाल्या, कुठे आहे. अजून हवी. आणि मग त्या कुल्लूच्या हिंदीत बोलता बोलता एकदम 'चिलिंग आवर्स' म्हणाल्या, इतक्या सहज, की आपल्याकडे द्राक्ष बागायतदार फवारणीचं जीए आणि पाण्याचा पीएच म्हणतात तसं. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांच्या खाली हजार-बाराशे तास मिळावे लागतात, रॉयलसारख्या जुन्या जातींना तर जास्तच, तेव्हा ते नीट झोपतं आणि वसंतात एकसाथ फुलतं. तास कमी पडले की फूल मागेपुढे, फळ विरळ. बर्फ पडला तर तो हळूहळू वितळून मुळांना पाणी देतो. गेली बरीच वर्षं बर्फ उशिरा येतो, कमी येतो. येताना रस्त्यात बंदरोल लागलं होतं, तिथे कॅप्टन ली नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1870 मध्ये सफरचंदाची बाग लावली, कुल्लूतली ही जुन्यातली जुनी. आता त्या खालच्या पट्ट्यात, भुंतर-बजौराकडे, डाळिंब वाढलंय. आणि सफरचंद वर सरकतंय, लाहौलपर्यंत. डाळिंब म्हटल्यावर मी हसले, म्हटलं ते तर आमच्याकडचं. त्या नाही हसल्या.

तर मी पुलओव्हरच्या बाह्या ओढून हमामपाशी उभी, आणि समोरची बाई थंडी पडू दे म्हणून हात जोडतेय. माझ्या आयुष्यात मी हे उलटं ऐकलेलं नव्हतं. दादांनी सगळा जन्म जी थंडी हाकलली, तीच इथे पीक होती.

मला क्षणभर वाटलं अम्मांचं कोडं सुटलं. ज्यांना थंडी हवीय त्यांना आमचा एवढा मोठा जाळ उधळपट्टी वाटणारच. छान वाटलं मला हे, जरा तात्त्विक वगैरे. पण तसं काही नव्हतं. मी मालकीणबाईंना शेवटी विचारलंच, अम्मा रागावल्या होत्या का? त्यांनी मला आत नेलं आणि पाइप दाखवला. छताच्या फळ्यांना जिथून तो जातो तिथे भोवती पत्र्याची चकती, आणि चकतीच्या कडेचं लाकूड काळं पडलेलं. "उस रात पाइप लाल था," त्या म्हणाल्या. आम्ही गरम खोलीच्या नादात झडप पूर्ण उघडी ठेवून देवदारचं लाकूड ठासून भरलं होतं, आणि आत साठलेली काजळी पेटली की वरून ठिणग्या उडतात, बाहेर वाळलेलं गवत, शेजारचं लाकडी घर, त्याच्या शेजारचं लाकडी घर. मलाणा गाव 2008 च्या जानेवारीत असंच जळलं, एका रात्रीत कितीतरी घरं आणि देवळंसुद्धा. हे घर 1905 च्या कांगड्याच्या भूकंपाएवढं जुनं नसेल, पण त्या भूकंपात याच पद्धतीची नग्गरची गढी उभी राहिली, दगड-लाकूड हलतं पण पडत नाही. भूकंपाला भीत नाही आम्ही, त्या म्हणाल्या. आगीला भितो. अम्मांना मागच्या घराच्या गच्चीवरून आमच्या धुराड्याची ठिणगी दिसली होती, म्हणून त्या अंधारात चालत आल्या होत्या. आणि आल्यावर आरडाओरडा का नाही केला? कारण संक्रांत होऊन गेली होती.

हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं, फक्त 'टीव्ही लावू नका प्लीज' एवढंच. मकर संक्रांतीला या भागातले देव स्वर्गात जातात. गोशालच्या आसपासच्या नऊ गावांत 42 दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही, टीव्ही-रेडिओ नाही, देवळातली घंटा बांधून ठेवतात, शेतात अवजार लागत नाही. फोन सायलेंटवर. देवळात माती पसरून दार बंद करतात आणि देव परतल्यावर त्या मातीत काय सापडतं यावरून वर्ष कसं जाणार ते सांगतात. फूल सापडलं तर चांगलं. कोळसा सापडला तर आगीचं भय. आम्ही घरून तिळगूळ नेला होता, उरलेला, तो मी कागदावर ठेवून अम्मांना दिला. गोड बोला वगैरे समजावून सांगायला गेले आणि मध्येच थांबले, जिथे बोलायचंच नाही तिथे काय सांगणार. त्यांनी एक वडी तोंडात टाकली, बाकीच्या ओच्यात. दुसऱ्या दिवशी सिड्डू आले, वाफवलेले, आत अक्रोडाचं सारण, वर तूप ओतलेलं, आम्ही तंदूरवरच परत गरम करून खाल्ले आणि माझ्या मुलीने, जी एरवी तूप दिसलं की तोंड फिरवते, तिने बोटं चाटली.

त्यानंतर अम्मा रोज संध्याकाळी यायच्या. तंदूरच्या डाव्या बाजूला, भिंतीकडे, एक ठरलेली जागा होती त्यांची, तिथे मुलगी लॅपटॉप घेऊन बसायची, ती आपसूक उठून दुसरीकडे बसायला लागली. अम्मा लोकर कातायच्या, तकली गरगर फिरायची, मध्येच झाकण उघडून आत बघायच्या आणि आमच्या नवऱ्याने टाकलेलं लाकूड अर्धा इंच सरकवायच्या. मला कधी बरं वाटायचं, कधी खरं सांगू तर कंटाळाही यायचा. आपण सुट्टीवर आलोय, पैसे दिलेत, जरा पाय पसरून पडावं, तर समोर कोणाची तरी सासू. घरातल्या घरात स्वतःची सासू चालत नाही आणि इथे दुसऱ्याची, असं नवरा म्हणाला, हळू आवाजात, नियम पाळून. पण हेही दिसत होतं की ती खोली त्यांची होती. लग्न होऊन त्या याच खोलीत आलेल्या, मुलं इथेच झाली. सज्जाच्या दाराची चौकट इतकी बुटकी की आम्हा तिघांच्याही कपाळाला टेंगळं, आणि त्या न बघता, हातात लाकडांची मोळी घेऊन, बरोब्बर वाकून आत.

निघताना लाकडांचा हिशोब झाला. उरलेल्या मोळीचे पैसे मालकीणबाई परत देत होत्या, नवरा नको म्हणत होता, बराच वेळ चाललं, शेवटी सफरचंदाच्या जॅमच्या बाटल्यांवर मिटलं. त्या रात्रीच बर्फ आला. आम्ही खाली चंदीगडच्या बसमध्ये होतो आणि त्यांचा व्हॉइस मेसेज आला, कुजबुजत्या आवाजात पण आनंद लपत नव्हता, की गुडघाभर पडलाय, अजून पडतोय. मी मुलीला ऐकवला, दोघी खूश झालो, जणू आमचीच बाग.

पुण्यात आले आणि दोन-तीन दिवसांत भावाचा फोन. वर हिमालयात बर्फ पडून गेला, आभाळ मोकळं झालं की उत्तरेचे वारे खाली सुटतात आणि नाशिक-निफाडचा पारा धाडकन खाली येतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आवाज दादांसारखाच झालाय त्याचा थंडीच्या दिवसांत, तुटक. मागे काड्या फुटल्याचा आवाज येत होता, म्हणजे बांधावर उभा राहूनच बोलत होता, पहाटेचे चार वाजले असतील. मी मूर्खासारखं सांगितलं की अरे तिकडे लोक खूश आहेत, सफरचंदाला लागते ही थंडी.

"लागते ना? मग तिकडंच ठेवायला सांग त्यांना," तो म्हणाला. "व्यापारी सोमवारी येतोय माझा."